मावशीला कोणी विचारलं?

मराठीत आपण 'पिशवी' म्हणतो. आपल्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या बायका 'गर्भचीला' म्हणतात, म्हणजे पुन्हा पिशवीच. गुजरातीत म्हणतात 'कोथळी'. वडोदऱ्याजवळच्या कोयलीला राहणाऱ्या माझ्या मावशीला एका डॉक्टरांनी पहिल्यांदा "कोथळी कढावी नाखो, बेन" असं सांगितलं, तेव्हा तिला आधी अफजलखान आठवला. आज ती हे हसत सांगते. त्या दिवशी मात्र ती हसली नव्हती. तिन्ही भाषांनी गर्भाशयाला पिशवीचं नाव दिलं आहे आणि पिशवी म्हटलं की काम झाल्यावर ती घडी घालून टाकून द्यायची असते, असं काहीतरी आपल्या मनात बसून जातं. निम्मा निर्णय तर हा शब्दच करून टाकतो!

ही गोष्ट २००६ सालची. मावशी माहेरची निपाणीची, मराठी शाळेत शिकलेली. काका गोकाकचे. घरात सासूशी कन्नड, माझ्या आईशी फोनवर मराठी आणि दारात भाजीवालीशी गुजराती, असा तिचा दिवस. काका तेलशुद्धीकरण कारखान्यात होते. कोयलीचा हा कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला आणि १९६५ मध्ये सुरू झाला. त्याच्या नोकऱ्यांमागे देशभरातली माणसं तिथल्या वसाहतीत आली, त्यांत आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडचीही काही घरं. रात्री गच्चीवर झोपलं की कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत दिसते. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्ही तिला 'काकांचा दिवा' म्हणायचो.

मावशी त्रेचाळीसची होती. वर्षभर पाळी आली की आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबायची नाही. अंगावर इतकं जायचं की बाजारात जायची सोय उरली नव्हती. हिमोग्लोबिन सातावर आलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गाठ वगैरे काही नव्हती. तरी म्हणाले, "दोन मुलं झाली ना? मग ठेवायची कशाला? पुढे कॅन्सरची भीती नको." पाच मिनिटांत विषय संपला.

घरी आल्यावर तो आणखी लवकर संपला. कंपनीकडून वैद्यकीय खर्च मिळत होता, तेव्हा काका म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही, उरकून टाकू. सासूबाई अंथरुणावरूनच म्हणाल्या, "तेगसिबिडु, सुम्न याक त्रास!" काढून टाक, उगीच कशाला त्रास! निपाणीहून माझ्या आईने फोनवर तेच सांगितलं, कारण तिचीही काढली होती आणि शेजारणीचीही. तारीख ठरली. रजा ठरली. मदतीला कोण येणार तेही ठरलं. मावशीला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मावशीच्याही लक्षात आलं नाही.

विचारलं ते तिच्या मुलीने. ती तेव्हा एम. एस. विद्यापीठात गृहविज्ञान शिकत होती. तिचा पहिला प्रश्न साधा होता, "आई, डॉक्टरांना तू नेमकं सांगितलंस काय?" मावशी म्हणाली, "सुस्त वाटतंय म्हणून सांगितलं." इथे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. कन्नडमध्ये 'सुस्तु' म्हणजे गळून जाणं, अंगात त्राण न उरणं. मराठीत आणि गुजरातीत सुस्त म्हणजे आळसावलेला. वर्षानुवर्षं कन्नड घरात राहून मावशीच्या तोंडी कन्नडचा सुस्त बसला होता. गुजराती डॉक्टरांनी ऐकला तो त्यांचा सुस्त. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते त्यांनी विचारलं नाही, हेही खरंच.

मुलीने आईला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. काकांना ते आवडलं नाही. एका डॉक्टरांनी सांगितल्यावर दुसऱ्याकडे जाणं म्हणजे पहिल्यांचा अपमान, अशी आपल्या पिढ्यांची समजूत. त्या दुसऱ्या बाईंनी कागद पाहण्याआधी विचारलं, किती दिवस जातं, किती जातं? मावशीने पर्समधून कालनिर्णयची फाडलेली पानं काढली. दुधाचा हिशोब लिहायचा तशी तिने पाळीच्या प्रत्येक दिवसाखाली बारीक रेघ ओढली होती, जास्त गेलं त्या दिवशी दोन रेघा. सात महिन्यांची पानं होती. डॉक्टरबाई ती बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, सोनोग्राफीच्या कागदाहून मला हे जास्त उपयोगाचं आहे.

त्या शब्दाशी थोडं थांबू या. हल्ली डॉक्टरमंडळींच्या बोलण्यात 'पुराव्यावर आधारित वैद्यक' हा शब्द फार येतो. त्याचा अर्थ एवढाच की एखादा उपचार चालतो की नाही हे कोणा मोठ्या डॉक्टरच्या अनुभवावर किंवा औषध कंपनीच्या माणसाच्या सांगण्यावर न ठरवता, शेकडो-हजारो रुग्णांवर नीट तुलना करून ठरवायचं. ब्रिटनचे आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ मध्ये या आग्रहाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या नावाची संस्था १९९३ पासून जगभरच्या अशा तुलना एकत्र करून त्यांचं सार सोप्या भाषेतही देते. पण हे वैद्यक ज्यांनी मांडलं त्यांनी त्याचे तीन पाय सांगितले होते. एक संशोधनाचा पुरावा, दुसरा डॉक्टरचा अनुभव आणि तिसरा रुग्णाला काय हवं, काय नको. आपल्याकडे हा तिसरा पाय बहुतेक वेळा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

मावशीच्या बाबतीत पुरावा काय सांगत होता? फिनलंडमध्ये अशाच जास्त रक्तस्रावाच्या २३६ स्त्रियांची तुलना झाली होती. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची विभागणी केली. काहींचं गर्भाशय काढलं, काहींना हार्मोन सोडणारी तांबी बसवली. ही नेहमीची कॉपर-टी नव्हे. हिच्यातून थोडं थोडं औषध गर्भाशयाच्या अस्तरावर पडत राहतं आणि अस्तर पातळ होतं, म्हणून स्राव घटतो. पाच वर्षांचे निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तांबी बसवलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांनी पुढे कधीतरी शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे शंभरातल्या अठ्ठावन्न जणींची टळली. आणि समाधानी आहात का असं विचारलं तेव्हा दोन्हींकडच्या नव्वदहून अधिक टक्के स्त्रिया हो म्हणाल्या. आता सांगा, यातलं बरोबर उत्तर कोणतं? पुराव्यापाशी ते नाही. पुरावा दोन्ही वाटा दाखवून थांबतो, पुढे कोणाला काय सोसवेल ते त्या बाईनेच सांगायचं असतं.

डॉक्टरबाईंनी तेच विचारलं, "तुम्हाला काय नको आहे?" हा प्रश्न मावशीला जन्मात कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, पाळी राहिली काय, गेली काय, मला सुतक नाही. पण मला सहा आठवडे पडून राहता येणार नाही, सासूबाईंना उचलायला घरात दुसरं कोणी नाही. आणि भूल देतात त्याची भीती वाटते, माझी आत्या टेबलावरच गेली होती. हे दोन्ही मुद्दे कोणत्याही सोनोग्राफीत दिसले नसते.

मग पर्याय मांडले गेले. लोहाच्या गोळ्या तर लगेच सुरू. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, त्या स्वस्त, बऱ्याच जणींना पुरतात, सगळ्यांना नाही. हार्मोनच्या गोळ्या. ती तांबी. आणि शेवटी शस्त्रक्रिया, जिने पाळी कायमची थांबते, पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि काहींना गुंतागुंत होते. अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही याची खात्रीही करून घेतली. मावशीने तांबी निवडली. त्या वेळी ती महागच होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतील, घाबरू नका. ते पडले, आणि चौथ्या महिन्यात मावशी वैतागून ती काढायलाच निघाली होती. आधी सांगितलेलं होतं म्हणून थांबली.

नुसती माहिती दिली की पुरे, असं मात्र समजू नका. याचाही पुरावा आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सहा रुग्णालयांत, याच तक्रारीच्या ८९४ स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखंच वागवलं. दुसऱ्या गटाला पुस्तिका आणि व्हिडिओ दिला. तिसऱ्या गटाला पुस्तिका-व्हिडिओ तर दिलाच, शिवाय डॉक्टरांना भेटण्याआधी एका परिचारिकेने प्रत्येकीशी बसून बोलून तिला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहून काढलं. पहिल्या गटात ४८ टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलं गेलं. पुस्तिका दिलेल्यांतही ४८ टक्केच! आणि जिच्याशी कोणी बोललं त्या गटात ३८ टक्के. खर्चही त्याच गटाचा सर्वांत कमी.

असाच धडा गुजरातमध्येही मिळाला. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेची स्वतःची विमा योजना होती. तिच्यातले दावे पाहताना लक्षात आलं की जुलाब आणि तापाबरोबर गर्भाशय काढण्याचे दावेही सर्वांत जास्त असलेल्यांत आहेत. मग संघटनेच्या आरोग्यसेविकांनी गटागटांत बसून बायकांना माहिती द्यायची आणि खरंच फरक पडतो का हे शास्त्रशुद्ध तुलनेने पाहायचं ठरलं. निकाल २०१७ मध्ये छापून आले. दाव्यांत फरक पडला नाही. स्वतःच्या कामाचा असा उणा निकाल लोकांपुढे ठेवणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून त्यांचं मला कौतुक वाटतं. बाईला कळलं तरी दवाखान्यात तिच्याशी कोणी बोललंच नाही, घरात तिला कोणी विचारलंच नाही, तर कळून ती काय करणार?

आणि कॅन्सरची भीती? तिचंही उत्तर आपल्या शेजारच्याच बायकांनी जगाला दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. पांढरं जातं, 'तोंडाला जखम आहे', एवढ्यावरून भीती घालून पिशवी काढायला सांगणाऱ्यांना हा दाखला द्यावा. भीती असेल तर तपासणी करा. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही न थांबता दाखवा.

इथवर कुटुंबाला सोबत घ्या, असं मी म्हणत आले. आता त्याची दुसरी बाजू. कुटुंब सोबत असणं आणि कुटुंबानेच ठरवणं यांत फार अंतर आहे. दिल्लीत १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दुर्बिणीच्या तपासणीला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. समीरा कोहली खटला म्हणून हा प्रसिद्ध आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं, आईची संमती ही तिची संमती होत नाही. तपासणीला दिलेली संमतीही शस्त्रक्रियेला चालत नाही. हे वाचताना मला आमचं कोयलीचं घर आठवलं. आईने फोनवर हो म्हटलं होतं, नवऱ्याने म्हटलं होतं, सासूनेही म्हटलं होतं. सगळे प्रेमानेच म्हणाले होते.

आणि जिथे प्रेमाचाही प्रश्न नसतो तिथे काय होतं ते बीडने दाखवलं. तिथले ऊसतोड मजूर आपल्या बेळगाव-कोल्हापूरच्या कारखान्यांवरही येतात, त्यांच्या पालांपाशी आपण रोज गाडी थांबवतो. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, फडात ना पाणी ना आडोसा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कलबुर्गीच्या तांड्यांवरूनही २०१५ मध्ये अशाच बातम्या आल्या होत्या. या बाईपुढे पर्यायांची पुस्तिका ठेवून काय उपयोग? तिला निवड करायची तर आधी खाड्याचा दंड जायला हवा. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

वडोदऱ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. सयाजीरावांनी गावोगाव वाचनालयं नेलेलं हे शहर. तिथे १९८३ पासून 'लोकॉस्ट' ही विश्वस्त संस्था स्वस्त, पण दर्जेदार जेनेरिक औषधं बनवते आणि सामान्य माणसाला औषधं समजावीत म्हणून पुस्तकंही काढते. तिथलीच 'सहज' ही संस्था स्त्रियांच्या आरोग्यावर काम करते. बाळंतपणात दगावलेल्या बायांच्या घरच्यांकडून ऐकलेल्या हकीकतींचा जो अहवाल २०१४ मध्ये निघाला, त्याच्या संपादनात 'सहज'च्या रेणू खन्ना होत्या. कोणत्या दवाखान्याने परत पाठवलं, गाडी किती वेळ मिळाली नाही, हे मृत्यूच्या दाखल्यावर नसतं. ते घरच्यांनाच ठाऊक असतं, म्हणून त्यांचं सांगणं हाही पुरावाच.

आपल्याकडे पेशंट निपाणीचा, डॉक्टर कोल्हापूरचे, नाहीतर मिरजेचे. चंदगडची माणसं बेळगावला जातात. सीमा ओलांडली म्हणून हक्क ओलांडत नाहीत. कर्नाटकात खासगी रुग्णालयांच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आली, महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. कागदपत्रं लेखी मागितली तर ७२ तासांत द्यायला हवीत, हे २००२ पासूनच्या डॉक्टरांच्या आचारनियमांत आहे. भांडून मागू नका, पण मागा. आणि विचारायचं काय, हे सुचत नसेल तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन प्रश्न तपासून पाहिले आहेत, तेच घेऊन जा. माझ्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत? प्रत्येकाचा फायदा काय, तोटा काय? आणि माझ्यासारख्या शंभर जणींत तो किती जणींना होतो? हे प्रश्न विचारले तेव्हा डॉक्टरांनी अधिक नीट माहिती दिली, असं दिसलं. तक्रार ज्या भाषेत सुचते त्या भाषेत घरी आधी कागदावर लिहा. कन्नडचा शब्द असेल तर तो तसाच लिहा आणि त्याच्यापुढे 'म्हणजे काय होतं' तेही.

यावरून कोणी असं समजू नये की शस्त्रक्रिया वाईट. काकांच्या धाकट्या भावजयीला गोकाकात मोठ्या गाठी होत्या. ती मावशीला सगळं विचारून, दोन डॉक्टरांना भेटून, स्वतः ठरवून टेबलावर गेली. दोन महिन्यांत यल्लम्माचा डोंगर चढून आली. मावशीचं ऐकलंस का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "ऐकलं की. पण तिला पडून राहायचं नव्हतं आणि मला वर्षानुवर्षं वाट बघायची नव्हती."

मावशीची तांबी पाच वर्षांनी काढली, तोवर पाळी जवळजवळ गेलीच होती. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या, शेवटपर्यंत मावशीनेच त्यांना उचललं. गेल्या दिवाळीला मी कोयलीला गेले तेव्हा काकांच्या गुडघ्याचा विषय निघाला होता. डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितलं आहे. काका म्हणाले, उरकून टाकू. मावशीने स्वयंपाकघरातून विचारलं, "चालताना किती दुखतं, ते लिहिलंय का कुठं?" कालनिर्णय काढून तिने पेन्सिलीसकट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.